धूसर, पुसट, अंधुक : व्हिडिओतला ब्लर निवडताना

'ब्लर'ला मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही, आणि ते बरंच आहे. पावसाळ्यातल्या सकाळी आपल्या बेळगावचा किल्ला धूसर दिसतो. चुलीपलीकडे बसलेल्या आजीचा चेहरा धुरकट दिसतो. जुन्या पोस्टकार्डावरची अक्षरं पुसट होतात, मेणबत्तीच्या उजेडात माणूस अंधुक दिसतो, आणि चष्मा काढला की सगळंच अस्पष्ट. यातला प्रत्येक शब्द नीट न दिसण्याचं कारण सोबत घेऊन येतो : धुकं, धूर, हाताळणी, कमी उजेड, डोळ्यातलं भिंग. सॉफ्टवेअरच्या मेनूत मात्र एकच खण असतो, 'ब्लर', आणि त्यात दहा-बारा नावं कोंबलेली. बहुतेक जण त्यातलं ओळखीचं नाव उचलतात, गाउशियन, आणि 'जरा बरं दिसेपर्यंत' आकडा वाढवत नेतात.

मंडळाच्या व्हिडिओ गटाचे शनिवारचे तास घेताना मी मुलांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते : हे अस्पष्ट का आहे? उत्तर आलं की कुठला ब्लर लावायचा हे आपोआप ठरतं. कधी कधी ब्लर नकोच होता, हेही कळतं.

कंपॉझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी घेतलेली चित्रं एकत्र आणून ती एकाच कॅमेऱ्यानं एकाच क्षणी टिपली असं भासवणं. दादासाहेब फाळके हे काम कॅमेऱ्यातच, एकाच फिल्मवर दोनदा-तीनदा चित्रीकरण करून साधत. आज आपण हॉलमध्ये हिरव्या कापडापुढे कविता म्हणणारी मुलगी लॅपटॉपवर किल्ल्यापुढे उभी करतो. ती चिकटवल्यासारखी दिसते, तेव्हा दोष बहुतेक वेळा रंगात किंवा अस्पष्टपणात असतो. रंगाबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

आधी शब्द तपासा

वरचे पाच शब्द पुन्हा पाहा. धूसर म्हणजे ब्लर नव्हे. धुक्यात लांबचं झाड फिकं होतं, कारण हवेतल्या थेंबांवरून विखुरलेला पांढरट उजेड मध्ये येतो. झाडाचा काळा भाग राखाडी होतो, पांढरा भागही राखाडीकडे झुकतो, पण फांदीची कडा बऱ्यापैकी टिकते. म्हणून धुकं दाखवायचं तर कॉन्ट्रास्ट कमी करा, अंतराप्रमाणे राखाडी थर चढवत न्या, आणि ब्लर अगदी चिमूटभर. अपवाद दिव्याचा : धुक्यात दिव्याभोवती उजेडाचं वलय पसरतं, तिथं ग्लो लागतो.

पुसट म्हणजेही ब्लर नव्हे. झिजलेल्या अक्षराची कडा तुटक असते, पण धारदार असते. तिथं ओपॅसिटी कमी करावी आणि खरबरीत मास्क लावावा. अंधुकाला एक्स्पोजर उतरवावं लागतं आणि थोडे कण मिसळावे लागतात, कारण कमी उजेडात सेन्सर दाणेदार चित्र देतो. एका मुलानं आठवणीच्या कवितेला आख्खा व्हिडिओ ब्लर केला होता. मी त्याला विचारलं, आठवण पुसट झालीय की अस्पष्ट? तो म्हणाला, पुसट. मग ब्लर काढला आणि चित्राचे रंग उतरवले. कविता लगेच जागेवर आली.

राहता राहिला अस्पष्ट. खरा ब्लर इथून सुरू होतो.

२७ चं गणित

ब्लर म्हणजे सरासरी. प्रत्येक बिंदूनं आपली किंमत शेजाऱ्यांत वाटायची आणि त्यांची थोडी घ्यायची. गणिताची भीती असलेल्यांनीही एवढं एक उदाहरण कागदावर करून पाहावं. एका ओळीत सगळे शून्य आहेत, मध्ये एकच २७. आता प्रत्येक जागेवर 'मी आणि माझे दोन्ही शेजारी' यांची सरासरी लिहा. ओळ होते ९, ९, ९. हा बॉक्स ब्लर. त्याच ओळीवर पुन्हा तेच करा : ३, ६, ९, ६, ३. तिसऱ्यांदा करा : १, ३, ६, ७, ६, ३, १.

बेरीज तिन्ही वेळा २७ च. प्रकाश हरवत नाही, पसरतो. आणि आकार बघा : पहिल्यांदा डबा होता, दुसऱ्यांदा तंबू झाला, तिसऱ्यांदा घंटेसारखी गोलाई आली. ती घंटा म्हणजेच गाउशियन, जर्मन गणिती गाउस याच्या नावावरून. आफ्टर इफेक्ट्समधल्या 'फास्ट बॉक्स ब्लर'मध्ये इटरेशन्स नावाचा आकडा असतो तो हाच. १ ठेवला तर ब्लर चौकोनी दिसतो, ३ ठेवला की गाउशियनच्या इतका जवळ जातो की डोळ्याला फरक कळत नाही.

हे कळल्याचा फायदा असा : गाउशियन हा निसर्गातला ब्लर नाही, गणितातला आहे. भिंतीत ओल पसरावी तसा तो मधून बाहेर विरत जातो, त्याला कडा नसते. म्हणून सावली मऊ करायला, मास्कची कड विरघळवायला, अक्षरांमागचा पट्टा शांत करायला तो उत्तम. पण 'कॅमेऱ्याचा फोकस इथं नाही' हे सांगायला तो खोटा पडतो, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी खोटेपणा जाणवतो.

त्याच खणात बायलॅटरल नावाचा एक प्रकार असतो. तो फक्त आपल्यासारख्या दिसणाऱ्या शेजाऱ्यांशी सरासरी करतो, त्यामुळे कडा शाबूत राहतात आणि मधला भाग गुळगुळीत होतो. फोनमध्ये चेहरे 'सुंदर' करणारी सोय साधारण याच जातीची. काव्यवाचनाच्या व्हिडिओत सरांच्या चेहऱ्यावर तो लावू नका, एवढंच सांगते. सुरकुत्या कवितेला लागतात.

भिंग काय करतं

नाताळच्या कार्यक्रमात वेदीपुढच्या मेणबत्त्यांचा फोटो काढताना फोकस चुकला, तर ज्योती विरत नाहीत. त्यांच्या गोल चकत्या होतात, कडा असलेल्या, मध्यापासून कडेपर्यंत जवळपास सारख्या उजळ. भिंगाचं तोंड गोल असतं, आणि फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू त्या तोंडाच्या आकाराचा ठिपका होऊन सेन्सरवर पडतो. भिंगाच्या आतल्या पात्या थोड्या मिटलेल्या असल्या तर चकती षटकोनी किंवा अष्टकोनी होते. म्हणून फोकसबाहेरची पार्श्वभूमी हवी असेल तेव्हा 'कॅमेरा लेन्स ब्लर' वापरावा. ब्लेंडर फुकट आहे, त्यात 'बोके ब्लर' आणि 'डिफोकस' हे नोड आहेत. एकाच फोटोवर गाउशियन आणि बोके शेजारी शेजारी लावून पाहा, दिवे असलेला फोटो घ्या. एकात दिवे विझल्यासारखे होतात, दुसऱ्यात फुलतात.

विझण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते वर्गात समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. आपल्या डोळ्याला अंधारातले बारीक फरक जास्त जाणवतात, म्हणून आकडे तसे वाकवून साठवलेले असतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांची साधी सरासरी १२७-१२८ येते. पण निम्मा प्रकाश दाखवायला पडद्यावर साधारण १८८ लागतो. म्हणजे आकड्यांची सरासरी काढणारा ब्लर उजळ भागाला दर वेळी त्याच्या वाट्यापेक्षा काळा करतो. प्रकाशाची सरासरी हवी असेल तर आकडे आधी सरळ करून घ्यावे लागतात. याला लिनियर म्हणतात. ब्लेंडरचा कंपॉझिटर मुळातच तसा चालतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन ३२ बिट आणि 'लिनियराइज वर्किंग स्पेस' हे स्वतः निवडावं लागतं.

एवढं करूनही फोनवरच्या व्हिडिओतली ज्योत फिकी पडेल. खऱ्या जगात ती ज्योत मागच्या भिंतीपेक्षा शेकडो पटींनी उजळ असते, पण फाइलमध्ये २५५ च्या वर जागाच नाही, तिथं ती छाटली गेली. म्हणून ब्लर करण्याआधी फक्त सर्वांत उजळ भाग निवडून त्याला चार-पाच पट उचलावं, मग ब्लर. लेन्स ब्लरमध्ये हायलाइटसाठी वेगळे आकडे असतात ते याच कामाचे.

आता अंतर. मुलं समजतात, दुप्पट लांब तर दुप्पट ब्लर. भिंग तसं वागत नाही. फोकसच्या जागेपासूनचा फरक भागिले वस्तूचं अंतर, असा सोपा हिशेब आहे. समजा फोकस २ मीटरवर उभ्या असलेल्या मुलीवर आहे. ४ मीटरवरच्या खांबाला ब्लर येतो ०.५. ८ मीटरवरच्या झाडाला ०.७५. क्षितिजावरच्या डोंगराला १, त्यापुढे कितीही लांब गेलात तरी १ च. उलट पुढच्या बाजूला १ मीटरवर एखादं फूल आलं तर त्यालाही १, म्हणजे डोंगराइतकाच. आणि अर्ध्या मीटरवर आलं तर ३. मागचा ब्लर एका मर्यादेला जाऊन थांबतो, पुढचा मात्र बेसुमार वाढतो. किल्ल्याची भिंत आणि तिच्यामागचं आकाश यांत ब्लरचा फरक जवळजवळ नसतो. तो मुद्दाम घालाल तर किल्ला खेळण्यातला वाटेल. मोठ्या देखाव्याला जोरात ब्लर दिला की तो सिमेंटच्या छोट्या प्रतिकृतीसारखा दिसतो, ते याच कारणानं : इतका ब्लर आपण फक्त जवळून काढलेल्या फोटोंत पाहिलेला असतो.

जमिनीकडेही लक्ष द्या. पूर्ण उंची दिसत असेल तर मुलीच्या पायाखालची फरशी तिच्याच अंतरावर आहे, ती स्पष्टच हवी, आणि मागे जाता जाता ब्लर चढत गेला पाहिजे. सगळी पार्श्वभूमी एकसारखी ब्लर केली की माणूस तरंगतो. यासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा एक साधा उतार बनवून तो ब्लरला नकाशा म्हणून द्यायचा, इतकंच काम आहे.

आणि हिरवं कापड नसताना, साध्या व्हिडिओतून माणूस कापून काढून मागचं ब्लर करणार असाल तर आधी पार्श्वभूमीतून तो माणूस पुसून टाका. नाहीतर त्याच्या पांढऱ्या शर्टाचा रंग मागे पसरतो आणि सगळ्या बाजूंनी एक फिकट प्रभावळ तयार होते. संतांच्या कॅलेंडरला ती शोभते, स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालकाला नाही.

हलणारं

टिळकवाडीत रेल्वे गेटवर अडकलात की गाडी जाताना पाहा. नुसत्या डोळ्यांनी नव्हे, फोननं. भर उन्हात फोन शटर इतकं लवकर मिटतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात वगैरे, की प्रत्येक फ्रेममध्ये डबा गोठलेला असतो आणि व्हिडिओ झटके देत चालल्यासारखा वाटतो. सिनेमाचा जुना संकेत असा की फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद. याला १८० अंशांचं शटर म्हणतात, कारण जुन्या कॅमेऱ्यात फिरणाऱ्या चकतीचा अर्धा भाग उघडा असे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे १/५० ठेवलं की ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र फडफडत नाही, हा वरचा फायदा.

कंपॉझिटिंगमध्ये याचा अर्थ असा. तुम्ही एक चित्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकवलं, आणि ते एका फ्रेममध्ये ४० बिंदू पुढे जात असेल, तर त्याची हलण्याच्या दिशेतली पुसलेली रेघ साधारण २० बिंदूंची हवी. अंदाजानं डिरेक्शनल ब्लर लावू नका. लेयरचं 'मोशन ब्लर' चालू करा, ते हालचालीवरून स्वतः हिशेब करतं, वेग वाढला की वाढतं आणि वस्तू थांबली की संपतं. डिरेक्शनल ब्लर सगळीकडे सारखाच राहतो, म्हणून गाडी थांबल्यावरही पुसलेलीच दिसते. गोल फिरणाऱ्या वस्तूला रेडियल ब्लर, पण त्याचं केंद्र वस्तूच्या केंद्रावर बसलं पाहिजे. भोवरा आठवा : कडेचे रंग मिसळून वर्तुळं होतात, आरीजवळ जवळपास काहीच बिघडत नाही. रेडियलमधला दुसरा प्रकार, झूम, दोन दृश्यं जोडायला सध्या फार वापरला जातो. कवितेच्या दोन कडव्यांमध्ये तो आला की मला बस गिअर बदलतेय असं वाटतं.

सावली, कडा, कण

या गोष्टी लहान आहेत, भराभर सांगते.

सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली वस्तूपासून जितकी लांब पडते, त्याच्या जवळपास शंभराव्या भागाएवढी तिची कड मऊ होते. पायापाशी धारदार, डोक्याच्या सावलीपाशी दोनेक सेंटिमीटर मऊ, दहा मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली दहा-पंधरा सेंटिमीटर मऊ. सगळ्या सावलीला एकच ब्लर दिला की ती जमिनीवर पडत नाही, टांगल्यासारखी दिसते.

चित्राच्या चौकटीपाशी ब्लरला शेजारी मिळत नाहीत, तो बाहेरचा काळा किंवा रिकामा भाग आत ओढतो आणि कडेनं काळपट पट्टी येते. 'रिपीट एज पिक्सेल्स' चालू करा, किंवा पार्श्वभूमी मुळातच मोठी घ्या. दुसरा उपाय जास्त चांगला.

हिरव्या कापडावरून काढलेल्या माणसाची कड करकरीत राहते. मास्कला एखाद-दुसऱ्या बिंदूचा ब्लर पुरतो. माणसालाच ब्लर करू नका.

ब्लर चित्रातले कणही सरासरीत घालवतो. मग पुढची मुलगी दाणेदार आणि मागचा किल्ला तेलकट गुळगुळीत, असं होतं. म्हणून आधी भिंगाचा ब्लर, मग हालचालीचा, आणि सगळ्यात शेवटी संपूर्ण चित्रावर एकसारखे कण. कॅमेऱ्यातही क्रम हाच असतो, कण सेन्सरवर येतात. आठ बिटांच्या फाइलमध्ये ब्लर केलेल्या आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसतात, त्याही थोड्या कणांनी मोडतात. कवीचं नाव आणि शीर्षक या सगळ्याच्या वर. ते त्या दृश्यात उभे नाहीत.

झाकायला ब्लर

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला ते.

आपल्या मुलांनी घरकाम करणाऱ्या बायकांवर दहा मिनिटांचा माहितीपट केला. त्यात एका मावशींनी नवऱ्याच्या मारझोडीबद्दल सांगितलं, आणि बोलायच्या आधी अट घातली : "माझं तोंड दिसायला नको बघा. गल्लीत कळलं तर ऱ्हायचं कसं?" मुलांनी अट पाळली होती. चेहऱ्यावर गाउशियन, भरपूर. तपासायला फाइल माझ्याकडे आली.

इथं 'अस्पष्ट का आहे' याचं उत्तर आजवरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. भिंग नाही, वेग नाही. कुणाला तरी ओळखू येऊ नये म्हणून. आणि या कामाला ब्लर हे मुळात कच्चं साधन आहे.

२७ चं उदाहरण परत आठवा. बेरीज तशीच राहिली होती. माहिती पसरली, गेली नाही. पसरलेल्यातून मूळ चित्र जसंच्या तसं काढता येईलच असं नाही, पण तशी गरजही नसते. जुळवून पाहायला पुरेसं उरतं. ब्लर केलेला फोन नंबर घ्या : आकडे दहाच आहेत, प्रत्येकाला तेवढाच ब्लर लावून कुठला जुळतो ते बघायचं. चेहऱ्याचंही तसंच. २०१६ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या आणि कॉर्नेल टेकमधल्या संशोधकांनी संगणकाला झाकलेले चेहरे दाखवून शिकवलं, तेव्हा माणसाच्या डोळ्याला न ओळखता येणारे ब्लर केलेले आणि चौकोनी ठोकळ्यांत मोडलेले चेहरेही तो ओळखीच्या यादीतून जुळवू लागला. ठोकळे, म्हणजे मोझेक, व्हिडिओत आणखी दगा देतात. चेहरा हलतो, जाळी तिथंच राहते, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी सरासरी हाती येते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एकाच चेहऱ्याबद्दल २५ साक्षी.

पिळवटून टाकलेला चेहरा तर मुळीच झाकलेला नसतो. स्वर्ल नावाचा इफेक्ट सरासरी काढत नाही, बिंदू फक्त जागचे हलवतो, ते उलटे फिरवले की परत येतात. मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका गुन्हेगारानं स्वतःचा चेहरा असा पिळून फोटो इंटरनेटवर टाकले होते. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलगडला, इंटरपोलनं २००७ मध्ये चेहरा जगाला दाखवला, आणि त्याच वर्षी थायलंडमध्ये तो सापडला. तिथं ते चांगलंच झालं. पण तीच युक्ती एखाद्या पीडितेला लपवायला कुणी वापरली असती तर?

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. लैंगिक अत्याचाराच्या ठरावीक गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. मावशींचं प्रकरण यात बसत नव्हतं. पण त्यांची भीती कलम पाहून कमी-जास्त होणारी नव्हती.

मी मुलांना फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहायला लावली. एका ठिकाणी मावशींनी डोळे पुसायला मान वळवली होती आणि ट्रॅकिंग तीन फ्रेम मागे राहिलं होतं. चालू व्हिडिओत ते कुणाला दिसत नाही. पण थांबवणाऱ्याला एक फ्रेम पुरते. उपाय : ब्लर नको, घट्ट रंगाचा आकार हवा, चेहऱ्यापेक्षा बराच मोठा, आणि ट्रॅकिंगवर न विसंबता हातानं तपासलेला. ज्या बिंदूंवर सपाट रंग चढवून फाइल नव्यानं काढली, तिथं जुळवायला काहीच उरत नाही. दिसायला तो कठोर असतो, मान्य. तो मऊ दिसावा म्हणून वरून थोडा ब्लर द्यायचा असेल तर द्या, पण आधी रंग भरा, मग ब्लर. क्रम उलटा केलात तर मऊ कडेतून कान आणि केस परत डोकावतात.

मग मी विचारलं, चेहरा पूर्ण काळा झाला, आता या कोण ते गल्लीतली बाई ओळखेल का? मुलं गप्प बसली आणि पडद्याकडे बघायला लागली. उजव्या हातावर गोंदण होतं. मागं कॅलेंडर होतं, त्यावर दुकानाचं नाव आणि पत्ता. 'हां, तर' असं म्हणून वाक्य सुरू करायची लकब होती. आवाज होता. परक्या माणसाला चेहरा लागतो. शेजारणीला चेहरा लागतच नाही, तिला पाठमोरी चाल पुरते. कंपॉझिटिंगच्या पुस्तकांत 'काय झाकायचं' या प्रश्नापाशी चेहऱ्यावर थांबतात, पण आपल्या गल्ल्या तेवढ्यावर थांबत नाहीत.

मुलांनी दोन दिवस घेतले. आवाजाची पट्टी बदलून पाहिली, पण पट्टी बदलणं हेही स्वर्लसारखंच आहे, उलट दिशेनं फिरवता येतं. शेवटी मावशींचं बोलणं कागदावर उतरवलं, लकबी काढल्या, आणि त्यांना वाचून दाखवून एका विद्यार्थिनीच्या आवाजात ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं. हे दुसरीच्या आवाजात आहे, अशी ओळ पडद्यावर सुरुवातीलाच दिली. ते लपवलं असतं तर आपण प्रेक्षकाला फसवलं असतं. चित्रासाठी मावशींचं एकही दृश्य ठेवलं नाही. दुसऱ्याच एका घरातली खिडकी घेतली, पडदा, त्यावर सरकत जाणारं ऊन. पडद्याच्या पुढं, अगदी भिंगाजवळ, एक स्टीलचा तांब्या ठेवला होता, तो मोठा आणि पूर्ण फोकसबाहेर दिसतो. सगळा ब्लर कॅमेऱ्यातला, संगणकावर लावलेला काहीच नाही.

तयार झाल्यावर दोन मुली फोन घेऊन मावशींकडे गेल्या. त्यांनी दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, मागं घंटा वाजतीय ती काढा, आमच्या गल्लीतल्या देवळात ती संध्याकाळी वाजते, सगळ्यांना ठाऊक हाय. खोलीतली शांतता भरायला मूळ चित्रीकरणातला आवाज खाली ठेवला होता, त्यात ती राहून गेली होती. तो आवाज पूर्ण काढला आणि त्या खिडकीच्या घरातला घातला.

मूळ चित्रीकरण एका मेमरी कार्डावर, एका लॅपटॉपवर आणि एका मुलीच्या फोनमध्ये होतं. तिन्ही ठिकाणचं पुसलं, आणि तपासण्यासाठी यूट्यूबवर चढवलेली पहिली, ब्लरवाली 'अनलिस्टेड' प्रतही काढून टाकली.